नांगर लागलेलाच आहे

नांगर टाकावा तर मी! हे मी स्वतःच्याच तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही. पण तुम्हीच विचार करा. कोणीही उचलतो आणि पाण्यात भिरकावतो, त्याला काय नांगर टाकणं म्हणतात? तो धोंडा टाकणं झालं. आधी वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, मग प्रवाहाचा, मग चेहऱ्यावर थोडी काळजी आणायची आणि कमरेतून एक झोका देऊन असा सोडायचा की... जाऊ दे. शिकवून येणारी गोष्ट नाही ती.

माझं चष्म्याचं दुकान आहे. सहा दिवस मी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि सातव्या दिवशी मोटरबोट चालवतो. बोट तशी लहानच. पांढरी, वर निळा पट्टा. पण इंजिन! अहाहा! त्या इंजिनाबद्दल मी बोलायला लागलो की लोक घड्याळ बघतात, म्हणून थोडक्यात सांगतो. असं इंजिन आमच्या अख्ख्या नदीत नाही. चालू केलं की दोन्ही काठांवरचे बगळे उठतात! दर शनिवारी संध्याकाळी मी ते बोटीच्या मागून सोडवून घरी आणतो, गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवतो आणि तेलाच्या फडक्यानं पुसतो. पुसताना मी गुणगुणतो, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. मला काही ऐकू आलेलं नाही.

आमची ही वीज कचेरीत तक्रारखिडकीवर बसते. ज्याचं बिल जास्त आलं तो, ज्याच्या घरी अंधार झाला तो आणि ज्याचं सकाळी बायकोशी वाजलं तोसुद्धा, काचेतल्या त्या गोल भोकाला तोंड लावून हिच्यावर ओरडतो. दिवसभर! संध्याकाळी घरी आली की ही आधी डोक्यावरचा पंखा बंद करते. घामाघूम होईल, पण तेवढा आवाजही नको म्हणते.

तर त्या शनिवारी मी इंजिन पुसत होतो आणि ही चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दारात उभी राहिली.

"विकून टाका ती बोट," ही म्हणाली.

मी हसलो. मग हिचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं.

"अगं, पण का?"

"सहा दिवस दुकानाचे, सातवा बोटीचा. माझ्यासाठी आठवा दिवस कुठून आणू, सांगा."

घाईत माणूस नको ते बोलून जातो, तसा मी बोलून गेलो.

"एकदा येऊन तर बघ! उद्याच चल. नाही आवडलं तर सोमवारी माझ्या हातानं विकतो!"

"नक्की?"

"नक्की!"

"मग येते," ही म्हणाली. "आवडलं तर बोट राहील. नाही आवडलं तर जाईल. नंतर तोंड पाडून बसायचं नाही."

कप घेऊन ही आत गेली. मी इंजिनाकडे बघितलं. बिचारं वर्तमानपत्रावर निवांत पडलं होतं. त्याला कुठे ठाऊक, की उद्या त्याचा निकाल आहे!

आता आमच्या मंडळींची ओळख करून देतो. हौशी मोटरबोटवाले आम्ही एकूण चार. एक मी. दुसरे वकील. त्यांची बोट सगळ्यांत मोठी आणि इंजिन माझ्या इंजिनापेक्षा लहान. हे दुःख ते लपवतात, पण माझ्या इंजिनाकडे बघताना त्यांची नजर हळवी होते. तिसऱ्या हेडबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलंय, त्यामुळे सगळ्यांना 'अरे' म्हणतात आणि गळ्यात अजून शिट्टी असते. चौथे बेकरीवाले. भट्टीसाठी पहाटे उठावं लागत असल्यानं बोट थांबली रे थांबली की हे झोपतात. चालू असताना झोपत नाहीत, ही त्यांची मेहेरबानी.

बेत झकास होता. सकाळी नदीच्या मुखातून बाहेर पडायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं दीपगृहापर्यंत जायचं, दुपारी परत नदीत शिरायचं आणि पुलाच्या पलीकडे वर, जिथे नदी वळते, तिथे झाडांच्या सावलीत चहा घ्यायचा. असा दिवस कोणाला आवडणार नाही? मी म्हटलं, बोट राहिलीच!

समुद्र शहाण्यासारखा वागत होता. निळा, शांत, वर उन्हाचा चुरा. पण माझं इंजिन म्हणजे इंजिन. हिनं काहीतरी म्हटलं.

"काय?" मी ओरडलो.

हिनं परत म्हटलं.

"काय?"

"काही नाही!"

"काय?"

मग हिनं लांब पाण्याकडे हात केला. मी त्या वेळी इंजिनाच्या काट्याकडे बघत होतो. काटा इतका सुरेख स्थिर होता की नजर हटेना. वळून बघितलं तोवर पाण्यावर जे काही आलं होतं ते परत खाली गेलं होतं. हिनं पर्स उघडली, कापूस काढला, दोन बोळे केले आणि दोन्ही कानांत घातले. दीपगृह आलं, गेलं. ही आपली समोर बघत बसलेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोची पाठ वाचता येते. त्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सोमवार!

म्हणजे आता सगळी भिस्त चहावर होती.

इथे आमची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. चहाला थांबायचं झालं की आम्ही 'गाठोडं' बांधतो. पहिली बोट नांगर टाकते. नांगर तळात रुतला की तिचा मालक ओरडतो, "लागला!" मग बाकीच्या बोटी तिच्या दोन्ही बाजूंना येऊन एकमेकींना दोरांनी बांधून घेतात आणि चौघींवर मिळून एक मोठी ताडपत्री ताणली जाते. नांगर एकच. चौघांनी चार नांगर टाकले तर खाली दोरांची वेणी होते. झाली होती एकदा! सोडवायला बेकरीवाल्यांचा पावाचा सुरा लागला होता. ज्याचा नांगर तो त्या दिवसाचा यजमान, चहा तो ओतणार. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे यजमानानं एकदा "लागला" म्हटलं की परत विचारायचं नाही. परत विचारणं म्हणजे भर पंगतीत यजमानाला खोटं ठरवणं.

त्या दिवशी यजमान मी होणार होतो. ही बघणार होती ना!

वळणावर आलो. इंजिन बंद केलं. पुढच्या टोकावर जाऊन उभा राहिलो, वाऱ्याचा अंदाज घेतला, प्रवाहाचा घेतला, चेहऱ्यावर काळजी आणली. तिरक्या नजरेनं बघितलं, ही खरंच माझ्याकडे बघत होती. मग काय! कमरेतून झोका दिला आणि सोडला नांगर. असा गेला म्हणून सांगू! पाण्याला समजलंही नाही. मागोमाग दोर सळसळत निघाला, वेटोळं उलगडत गेलं, उलगडत गेलं, आणि शेवटी दोराचं टोक माझ्या पायावरून सुळकन सरकलं आणि पाण्यात गेलं. टुप!

दोराचं दुसरं टोक बोटीला बांधायचं असतं.

मी जगाला चष्मे देतो. आणि दोन पावलांवरची ती मोकळी कडी मला दिसली नव्हती.

"वा!" मागून आवाज आला. ही! "काय छान टाकलात हो!"

बायकोनं असं म्हणून किती वर्षं झाली होती, मला आठवेना. आणि नेमकी त्याच क्षणी वकिलांची बोट बाजूला आली.

"लागला का, चष्मेवाले?"

आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही काय म्हणाला असता? एकीकडे ते "काय छान टाकलात हो", दुसरीकडे सोमवार! माझ्या तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडला.

"लागला!"

पाच मिनिटांत तीन बोटी मला येऊन चिकटल्या. दोर बांधले गेले, ताडपत्री ताणली गेली, बेकरीवाल्यांनी बनची पिशवी पुढे केली आणि लगेच उशी डोक्याखाली घेतली. वकील चेहऱ्यावर वर्तमानपत्र पांघरून आडवे झाले. हेडबाईंनी पाय लांब केले. चारही इंजिनं गप्प झाली.

आणि आमचं गाठोडं अलगद, कोणाला न सांगता, ओहोटीबरोबर निघालं.

मी चहा ओतत होतो. कपातला चहा हलत नव्हता, इतकी ती बोट लोण्यासारखी चालली होती. काठावर उंच गवत होतं. त्याच्यावरून वारा जात होता. पाण्यावर उन्हाचे कवडसे, त्यात एखादं वाळकं पान आमच्या बरोबरीनं चाललेलं. सगळं कसं अर्धवट झोपेत असल्यासारखं. ही थोडा वेळ तशीच बसली. मग हिनं एका कानातला बोळा काढला. थांबली. दुसऱ्या कानातला काढला.

"अहो," ही हळूच म्हणाली, "काहीच ऐकू येत नाहीये."

"डॉक्टरला दाखवू या."

"तसं नाही हो! काहीच नाहीये ऐकू येण्यासारखं. किती छान!"

आणि ही हसली. मी इंजिन चालू करून सगळ्यांना सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो. किल्लीवर हातही गेला होता. पण ते हसू बघितलं आणि हात परत आला.

"परवा एक माणूस आला होता खिडकीवर," ही सांगायला लागली. "चांगला अर्धा तास ओरडला. मग म्हणतो, बाई, वीज गेली ती शेजारच्यांची, पण ते गरीब स्वभावाचे आहेत म्हणून मी आलोय ओरडायला."

मी खो खो हसलो. "हे सांगितलं नाहीस मला!"

"सांगितलं होतं. तुम्ही इंजिन पुसत होतात."

खरं सांगतो, वाईट वाटलं. इतकी चांगली गोष्ट, आणि मी तिच्यावर हसलोच नव्हतो.

"अहो," ही म्हणाली, "झाडं चाललीयत का?"

"झाडं?"

"ती बघा. एकेक करून मागं जातायत."

"पाणी हलतं ना, त्यामुळे तसं वाटतं."

"दृष्टिभ्रम!" हेडबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "सातवीच्या पुस्तकात होता. अरे, हा तर तुझाच विषय. सांग तिला!"

"डोळे थकले की होतं असं," मी म्हटलं. धंद्याच्या बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.

समोर पूल दिसत होता. आम्ही त्याच्याकडे चाललो होतो, म्हणजे खरं तर तोच आमच्याकडे येत होता. मधला गाळा रुंद होता, पण आम्हीही चार बोटी रुंद होतो! मी मनातल्या मनात सगळ्या देवांना चहाला बोलावलं. एक दगडी खांब माझ्या हाताच्या अंतरावरून, शेवाळ दाखवत, शांतपणे निघून गेला. ताडपत्रीखाली गार अंधार झाला.

"ढग आला वाटतं," हेडबाई म्हणाल्या.

पुलावरून एक ट्रक गेला. धडधडधड!

"गडगडतंय," वर्तमानपत्राखालून वकील म्हणाले. "भिजणार बहुतेक."

तेवढ्यात परत ऊन पडलं. "गेला ढग," हेडबाई म्हणाल्या आणि घोरायला लागल्या.

आता मात्र काहीतरी करायला हवं होतं. पुढे गाव, गावानंतर नदीचं मुख आणि त्यापुढे जे काही होतं त्याला पलीकडचा काठच नव्हता! मी गुडघ्यांवर रांगत मागे गेलो. इंजिनाच्या हत्यारांची पेटी काढली. चांगली जड, लोखंडी. नांगर नाही तर नांगराचा भाऊ! दोर कुठून आणायचा? ताडपत्रीच्या कडेला एक लांबलचक दोर लोंबत होता. त्याचं टोक पेटीच्या कडीला करकचून बांधलं. या वेळी मी शहाणा झालो होतो. दोराचं दुसरं टोक बांधलेलं आहे की नाही ते आधी ओढून बघितलं. होतं. पक्कं होतं.

पेटी सोडली. तळाला लागली, रुतली, दोर ताठ झाला. लागला, या वेळी खरोखर लागला, असं मनात म्हणतोय तोवर ध्यानात आलं, की दुसरं टोक बांधलेलं आहे ते ताडपत्रीला!

फाडफाडफाड! ताडपत्री चौघींवरून अशी ओढली गेली, जशी झोपलेल्या पोरांवरची चादर त्यांची आई ओढते. वकिलांचं वर्तमानपत्र तिच्याबरोबर गेलं. हेडबाईंची टोपी गेली. बेकरीवाल्यांची उशी गेली, पण ते गेले नाहीत आणि उठलेही नाहीत. सगळं आमच्या मागे पाण्यात बुडबुडे काढत दिसेनासं झालं, आणि लख्ख उजेडात समोर जे काही होतं ते सगळ्यांना दिसलं.

आमचं घर!

दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, तिच्यात इंजिनाखालचं ते तेलकट वर्तमानपत्र, दोरीवर माझा चौकडीचा शर्ट, आणि शेजारी स्वयंपाकघराची खिडकी. सकाळच्या घाईत दिवा तसाच राहिला होता.

ही उभी राहिली. तोंडावर हात गेला.

"अय्या! आपलं घर!" मग माझ्याकडे वळली. डोळे भरून आले होते हो हिचे! "तुम्ही मला हे दाखवायला आणलंत? पडदा असा एकदम पाडून?"

मी दोरीवरच्या शर्टाकडे बघितलं.

"रोज त्या खिडकीत उभी राहून मी नदीकडे बघते," ही म्हणाली. "नदीतून आपली खिडकी कशी दिसते, कधी मनातच आलं नाही. किती लहान आहे ना? आणि किती आपली वाटते!"

घर हळूहळू मागे चाललं. हिनं चक्क त्याला हात केला. मीही केला. त्या क्षणी मला वाटलं, बास, हे असंच चालू राहावं, समुद्र आला तरी चालेल.

"ऑब्जेक्शन!" वकील ओरडले. "तुमचं घर पुलाच्या खालच्या अंगाला आहे! आपण वरच्या अंगाला आहोत!"

"होतो," मी म्हटलं.

"म्हणजे नांगर लागलेला नाही?"

"नांगर लागलेलाच आहे," मी म्हटलं, आणि हे अक्षरशः खरं होतं. "अजूनही वळणावर घट्ट लागलेला आहे. फक्त आपण त्याला बांधलेले नाही."

हेडबाईंनी शिट्टी फुंकली. "इंजिनं सुरू करा! सगळ्यांनी!"

झोपलेले बेकरीवाले सोडून सगळ्यांनी केली! पण चार बोटी एकमेकींना बांधलेल्या, आणि प्रत्येकाचं डोकं स्वतंत्र. वकिलांनी बोट पुढे घेतली, हेडबाईंनी मागे. मी दोघांचाही मान राखायला म्हणून आडवी घेतली. झालं! गाठोडं गरागरा फिरायला लागलं. गाव आलं, नदी आली, गाव आलं, नदी आली! घाटावर माणसं जमली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. धूर, आवाज, शिट्टी, "डावीकडे!", "माझं डावीकडे की तुमचं?", आणि बगळे तर कधीच परगावी गेले होते.

आणि मग तो आवाज आला. मी घरी कधी ऐकला नव्हता. तो कचेरीतला असावा.

"बंद करा!" ही ओरडली. "सगळ्यांनी! बोलायचं असेल त्यानं रांगेत यायचं, एकेकानं!"

तिन्ही इंजिनं एकदम बंद पडली. हेडबाईंची शिट्टी तोंडातच राहिली. वकील, जे न्यायाधीशालाही मध्येच तोडतात, त्यांनी नकळत हात वर केला.

"बोला," ही म्हणाली.

"वहिनी, आपण समुद्रात चाललोय."

"पुढे वाळू दिसतेय ना? तिथे टेकू. तोवर कोणी काही चालू करायचं नाही."

आणि तसंच झालं. फिरकी मंदावली, पाणी पसरट झालं, वास खारट झाला आणि नदीच्या तोंडाशी वाळूचा जो लांब पट्टा आहे त्याच्यावर आमचं गाठोडं येऊन टेकलं. धक्का नाही, काही नाही. कूस बदलल्यासारखं वाटलं, इतकंच. ओहोटी आणखी उतरली आणि बोटी वाळूवर बसल्या. आता भरती येईपर्यंत हलणं नव्हतं.

आता बेकरीवाले उठले. "पोचलो?" त्यांनी विचारलं आणि समुद्र बघून म्हणाले, "छान जागा निवडलीत." मग ते अनवाणी वाळूत उतरले. वकील आणि हेडबाई आपापली बाजू मांडत पलीकडे चालत गेले. चूक माझी होती यावर दोघांचं एकमत होतं. वाद होता तो कलमाचा.

आम्ही दोघं बोटीच्या काठावर पाय सोडून बसलो. ऊन कलतं झालं होतं. ओल्या वाळूवर आख्खं आभाळ उतरलं होतं आणि लहान खेकडे त्यातून इकडून तिकडे पळत होते. ही बन खात होती. इतकी शांत मी हिला कधी बघितली नव्हती. गप्प बसून राहिलो असतो तर बोट राहिली असती, हे मला स्वच्छ कळत होतं. पण त्या खिडकीकडे बघताना भरून आलेले ते डोळे! त्यांच्यावर खोट्याचा चष्मा ठेवायला मन होईना.

"अगं," मी म्हटलं, "मी तुला घर दाखवायला नव्हतो आणलं. मी दोर बांधायला विसरलो. नांगर गेला. तू 'छान टाकलात' म्हणालीस, म्हणून 'लागला' असं खोटं बोललो. ताडपत्री पडली तीही चुकून. मी ठरवून काहीच केलं नाही."

हिचा बन तोंडाजवळ थांबला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"म्हणजे नुसते वाहत आलो आपण?"

"नुसते वाहत."

हिनं बन खाली ठेवला. "वाईट वाटलं हो," ही म्हणाली. "मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांत एक गोष्ट तुम्ही माझ्यासाठी ठरवून केलीत." मग थांबून म्हणाली, "पण मजा आली. बोलता आलं तुमच्याशी. तुम्ही मध्ये एकदाही 'काय?' म्हणाला नाहीत."

"पुढच्या रविवारी ठरवून करू," मी घाईघाईनं म्हटलं. "म्हणजे... रविवार असला तर. बोट असली तर."

"बोट राहू दे," ही म्हणाली.

मी उडालोच! पाय वाळूत टेकले, डोकं आभाळाला लागलं. राहिली! बोट राहिली! मी उडी मारून मागे गेलो, इंजिनावरची वाळू झटकली, दोनदा प्रेमानं थोपटलं.

"बोट राहू दे," ही मागून शांतपणे म्हणाली. "ते विकून टाका."

"काय?"

"बघा, परत सुरू झालं तुमचं 'काय'! इंजिन विका."

"अगं, मग बोट चालणार कशी?"

"आज चाललीच की."

"ती खाली आली! पाणी खालीच नेतं. परत वर कोण नेणार?"

हिनं वाळूकडे मान वळवली आणि तोच कचेरीतला आवाज, थोडा मऊ करून, काढला. "वकीलसाहेब! दर रविवारी आम्हाला ओढून वर नेऊन सोडाल का?"

"अवश्य, वहिनी!" वकील म्हणाले. इतक्या चटकन मी त्यांना कोणतंही अशील घेताना बघितलेलं नाही.

सूर्य बुडाला तशी भरती आली. एकेक बोट डोलत वर उचलली गेली. वकिलांनी त्यांचं लहान इंजिन अगदी मंद चालू केलं. हिनं आमच्या बोटीचा दोर त्यांच्या बोटीला बांधला, दोन्ही टोकं ओढून बघितली, आणि आम्ही परत निघालो. घरांतले दिवे एकेक करून पाण्यात उतरत होते. ही माझ्या शेजारी बसली, कचेरीतल्या एका तक्रारवाल्याची गोष्ट सांगायला लागली, आणि गोष्टीच्या अर्ध्यावर माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. पुढे त्या माणसाचं काय झालं ते राहूनच गेलं.

तेवढ्यात वकील पुढच्या बोटीतून मागे वळले. हळवी नजर माझ्या इंजिनावर लागलेली.

"चष्मेवाले," ते दबक्या आवाजात म्हणाले, "गिऱ्हाईक शोधायला कशाला वणवण करता? मलाच देता का ते?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. सणसणीत होतं! पण तोंड उघडलं असतं तर ही जागी झाली असती. म्हणून मी आपली मान हलवली.

वरखाली हलवली. आडवी हलवली असती तर खांदाही हलला असता हो!